शेवटची फट

नौपाड्यातल्या त्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी खिडक्या डिसेंबर आला की आक्रसत आणि त्यांच्या फटींतून गार वारा घरभर फिरू लागे. घरं उबदार कशी राखावीत याचं शास्त्र नॉर्वेत सहा वर्षं शिकून दर्शना परतली, ती याच फटींसाठी, असं म्हटलं तरी चाललं असतं. गेल्या थंडीत बाबा न्यूमोनियाने गेले तेव्हा ती वेळेवर पोहोचू शकली नव्हती. आता आईची छाती भरू लागली होती आणि यंदा हिला वारा लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फटी बुजवायच्या मूठभर लांबीने ठाण्यातलं कुठलंही जुनं घर राखता येतं, हे ती भेटेल त्याला तळमळीने सांगत सुटे.

“काय गं, ठाण्यात बर्फ पडणार वाटतं!” शेजारच्या शेवंतीकाकू दारातूनच म्हणाल्या.

“हसा तुम्ही काकू. उद्या तुमच्याच खिडक्या बुजवायला घेणार आहे.”

तिची रीत साधी होती. पंखे बंद करायचे आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवायची. धूर जिथे वाकेल तिथे फट. दोन दिवसांत सगळ्या बुजल्या. एकच उरली, बाबांच्या कॉटच्या उशाशी.

“तेवढी राहू दे गं,” आई म्हणाली. “ह्यांना कोंडल्यासारखं होतं.”

दर्शनाने ते बोलणं तसंच सोडून दिलं. आई अजून चहाही तीन कप करी आणि एक कॉटपाशी नेऊन ठेवी. इतक्या वर्षांची सवय एका वर्षात सुटत नसते. संध्याकाळी आई चहा टाकायला आत गेल्यावर दर्शनाने तीही फट लिंपली आणि उदबत्ती लावली.

खोलीभर धूर सरळ उभा राहिला. फक्त कॉटपाशी तो उशीकडे ओढला गेला, मागे आला, पुन्हा ओढला गेला. आपल्याच श्वासाने हलत नसेल ना, म्हणून तिने श्वास रोखून धरला. धुराचं येणं-जाणं तसंच, संथ, चालू राहिलं. मग ते अडखळू लागलं.

लांबी अजून ओली होती. बोटाने उकरली असती तर निघाली असती. तिने हात उचललाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची खोकल्याची ढास ऐकू आली, आणि तो हात तिथेच थांबला.

दोन ओढींमधलं अंतर वाढत गेलं. एकदा धूर उशीपर्यंत जेमतेम पोहोचला, मागे आला आणि सरळ उभा राहिला. मग हललाच नाही.

आई ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये दोनच कप होते.

“मागच्या खेपेला तू नव्हतीस,” तिचा कप पुढे करत आई म्हणाली. “या खेपेला जवळ होतीस, बरं झालं.”