डावीकडे मारणारी रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. शिकारीची, बोल्टची. एक गोळी झाडली की दांडा उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मगच दुसरी गोळी. धडाधड करणे माझ्या स्वभावात नाही. फिनलंडच्या कायनू भागातल्या दलदलींच्या काठाने माझे सारे आयुष्य गेले. आता फार थकले आहे, तेव्हा बोलणे संथ वाटले तर सांभाळून घ्या.

मी एकटी आले नाही. ओइवा आणि तानेली या दोघा भावांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच कारखान्याच्या दोन रायफली घेतल्या. मी आणि माझी बहीण. नळी सारखी, काडतूस सारखे, वजनही सारखेच. कुठली कुणी घ्यायची यावर त्यांनी दुकानदाराचा अर्धा दिवस खाल्ला. माझा दांडा मऊ सरकायचा, पण चाप जरा जड. तिचा चाप हलका, पण दांडा अडायचा. शेवटी ओइवाने मला उचलले आणि तानेलीने तिला. पुढची कितीतरी वर्षे शेकोटीपाशी तोच वाद चालला.

"तुझी काय, लोणी आहे लोणी," तानेली म्हणायचा. "कडक थंडी पडू दे, गोठेल तेव्हा कळेल."

"आणि तुझी रुसूबाई. उघडायला दोन माणसं लागतात."

दोघांनाही ठाऊक होते की फरक असा काही नाही. ज्याची त्याला आवडत होती, एवढेच.

लोकांना वाटते की शिकार म्हणजे गोळ्या. मित्रांनो, शिकार म्हणजे उभे राहणे. पहाटे टोळी निघायची, कुत्रा आणि हाकारे रानात शिरायचे आणि आमचा ओइवा आपल्या ठरलेल्या जागी मला हातात घेऊन उभा राहायचा. घोड्याहून उंच असे मूस हरीण झाडीतून येईल म्हणून तासन्‌तास वाट पाहायची. बहुतेक दिवशी काहीच यायचे नाही. बोटे गारठायची, नळीवर दव बसायचे. संध्याकाळी माणसे झोपडीत जाऊन गरम कॉफी प्यायची आणि आम्हा रायफलींना बाहेर पडवीत गारठ्यातच ठेवायची, कारण उबेत आणले की लोखंडाला घाम फुटतो आणि गंज चढतो. ती काळजीच होती, हे मला कळत असे. तरीही आतले हसणे ऐकताना वाईट वाटायचेच.

काम झाले की मांस सगळ्यांत सारखे वाटायचे आणि कुणीतरी येऊन माझ्या दस्त्यावर थाप मारायचे. माझी गोळी जिथे पाहिजे तिथेच जायची, असे सारी टोळी म्हणे. मारण्याचा मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही. पण जनावर तडफडत राहिले नाही, याचे समाधान मला वाटायचे.

एका हिवाळ्यात तानेली गेला. माझी बहीण ओइवाच्या कपाटात, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला कुणी बाहेर काढेना. भावाची रायफल विकवत नाही आणि वापरवतही नाही, अशी ओइवाची गत झाली होती.

आणि मग गेल्या शरद ऋतूत ती गोष्ट घडली.

ओइवाची नजर उतरत चालली होती. कॉफी ओतताना तो कपात बोट घालून ठेवी, म्हणजे भरला की कळावे. रानात मात्र तो ताठ उभा राही. कारण या टोळीत जो रांगेतून निघाला तो झोपडीत सूप ढवळायला बसतो, आणि त्या मोठ्या पातेल्याची ओइवाला मरणाहून जास्त भीती होती. त्या दिवशी एक मादी झाडीतून आली. ओइवाने नेम धरला. त्याच्या डोळ्यासमोर काय होते ते मला माहीत नाही. माझ्यासमोर जे होते ते मादीचे पोट होते, खांदा नव्हे. चाप ओढला गेला. मी काय करणार?

जखमी जनावर सापडल्याशिवाय कुणी जेवायचे नाही, हा तिथला नियम. सगळी टोळी पावसात चिखल तुडवत हिंडली. दुसऱ्या दिवशी ती एका डबक्यात सापडली, अजून जिवंत. टोळीचा म्होरक्या लाउनो, ओइवाचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याने एक गोळी घालून तिला वेदनेतून सोडवले. पुढच्या आठवड्यातही शेकोटीपाशी तोच विषय निघाला. तेव्हा ओइवाच म्हणाला, "रायफल डावीकडे मारतेय. नळीच गेलीय तिची. दाखवून आणली मी, इलाज नाही म्हणाले."

त्याने मला कुणालाच दाखवले नव्हते. मित्रांनो, आयुष्यात माझ्यावर बर्फ पडले, रक्त पडले, कॉफीही सांडली. पण त्या एका वाक्याएवढे जड काही पडले नाही. मी गप्प राहिले, कारण गप्प राहण्याखेरीज आम्हाला काही येत नाही.

ओइवाची मुलगी साइया गावात बस चालवते. बापाची जागा टोळीत आपण घ्यायची असे तिने ठरवले. "एक हंगाम तू उभी राहा, तोवर मी नवी रायफल बघतो," असे म्हणून ओइवाने स्वतःचे सूप लांबणीवर टाकले. घरात दोन रायफली कशाला, एक निवडायची आणि दुसरी पोलिसांत जमा करायची, असे ठरले. जमा झालेली रायफल भट्टीत जाते.

साइयाला मी हवी होते, हे मला कळत होते. लहानपणी ती माझ्यावरच शिकली. बापासारखीच उंच ती. माझा दस्ता जाड कोट घातला तरी तिच्या खांद्यात बरोबर बसे. बहिणीचा तिला आखूड पडे. पण बंदूक बदलायची तर म्होरक्यासमोर दोन्हींनी कागदावर तीन-तीन गोळ्या मारून दाखवायच्या, ही टोळीची रीत. आणि मी जर सरळ मारले, तर ओइवा खोटा ठरणार. डबक्यातल्या त्या मादीचा हिशेब त्याच्या नावावर लागणार. त्यापेक्षा भट्टी बरी, असे मला मनापासून वाटले. तसेही थकले होतेच.

खडीच्या खाणीत कागद लावला. बाजूला जाळावर सॉसेज भाजत होते. बहिणीने तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत टाकल्या. चांगलेच होते. मग साइयाने मला घेतले. मी वाकडे मारायचे ठरवले असते तरी मला ते जमले नसते. तिन्ही गोळ्या मधोमध, एकमेकींना चिकटून गेल्या. दुर्बिणीतून साइयाने ते स्वतः पाहिले.

लाउनो कागद आणायला गेला. ओइवा मागे उभा होता. इतक्या लांबचा कागद त्याला पांढरा डाग म्हणूनही दिसत नसावा.

"गेल्या ना डावीकडे?" त्याने विचारले.

"हो बाबा," साइया म्हणाली. "चांगल्या वीतभर."

"बघ. सांगत नव्हतो मी?"

लाउनो परत आला तो रिकाम्या हाताने. येता येता त्याने कागद जाळात टाकला होता आणि जळक्या कागदाचा वास सगळीकडे पसरला होता. साइया काय बोलली ते त्याने ऐकलेच नव्हते.

"किती रे डावीकडे?" ओइवाने विचारले.

लाउनोने टोपी काढली, डोके खाजवले. "असेल दोन बोटं. पण डावीकडेच हं. बाद रायफल आहे ती, ओइवा, टाकून दे."

साइयाने मान खाली घातली.

"वीतभर," ओइवा म्हणाला. "आणि दोन बोटं. अरे, खोटं बोलायचं तर आधी ठरवून तरी घ्या गाढवांनो."

"ओइवा, ऐक तर—"

"कागद का जाळलास?"

ओइवा चाचपडत पुढे आला. त्याचा हात आधी माझ्या नळीवर पडला, मग दस्त्यावर. नळी अजून कोमट होती.

"हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "माझे डोळे गेलेत. त्या दिवशी मला ती नीट दिसलीच नव्हती, तरी मी चाप ओढला. साइया, ही घे. तुला हीच बसते."

"मग काकांची?"

"तानेलीची मी स्वतः नेऊन देईन."

तेव्हा मला कळले की खोटे टिकले असते तर भावाची रायफल त्याच्या घरात राहिली असती. खरे बोलून त्याने तीही घालवली.

पुढच्या आठवड्यात त्याने माझ्या बहिणीला तानेलीच्या लोकरी स्वेटरात गुंडाळले. त्याआधी तिचा अडणारा दांडा खूप वेळ पुसत बसला, भट्टीत जाणाऱ्या वस्तूला कुणी पुसत नाही इतका. ती गेली. दोघींपैकी एकीला जायचेच होते. मी तयार होते, ती नव्हती.

आता पुन्हा मी दलदलीच्या काठाला उभी असते, साइयाच्या खांद्यावर. दमते. ओइवा झोपडीत सूप करतो. मीठ जास्त पडते, पण कुणी काही बोलत नाही.

मित्रांनो, आम्हाला कोरडे ठेवा, तेल द्या, थंडीतून एकदम उबेत आणू नका. हे तर तुम्ही करालच. पण हात चुकला, डोळा चुकला, तर ती चूक आमच्या नावावर टाकू नका. आम्ही नाही म्हणणार नाही. आणि तुमच्या घरातले एखादे म्हातारे माणूस तसे करताना दिसले, तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला काय दिसेनासे झाले आहे, ते हळूच विचारा.