नुसत्या वासानं वाढलेलं वजन

"हे कुणाच्या बापाला खरं वाटणार न्हाई, रत्ने," काट्यावरून उतरता उतरता झुंबर म्हणाला, "पण मी खाल्लं काय बी न्हाई. ही तीन किलोची वाढ नुसत्या वासाची हाय."

बोईसरच्या त्या डायलिसिसच्या खोलीत चार खुर्च्या, चार मशिनं आणि दाराशी एक वजनकाटा. मशीनवर बसण्याआधी आणि उठल्यावर पेशंटला त्यावर चढवायची तिथली रीत. अंगात पाणी किती साठलं आणि किती निघालं, ते त्यावरून कळतं. रत्नाबाईचं वजन झालं, ती खुर्चीत टेकली, मशीनवाल्या विनोदनं तिच्या हातात सुया घातल्या आणि मग तो झुंबरकडे वळून म्हणाला, "काका, आता तुमी चढा. बगू तरी." आकडा बघून विनोदचं हसू मावळलं. तो उगाच नळ्या तपासत बसला.

आता माणसाचं पोट सुटलं म्हणून कुणाचं काय अडावं? पण इथं रत्नाबाईचंच अडलं होतं. तिच्या दोन्ही किडन्या बसलेल्या, आणि अख्ख्या गोतात जुळली ती एकट्या नवऱ्याची, झुंबरची. बीडकडून येऊन तारापूरच्या कारखान्यात बॉयलरपाशी जन्म काढलेला हा गडी एका पायावर तयार होता. मुंबईच्या सर्जननं मात्र त्याच्या पोटाकडे बघून मान हलवली. "आधी बारा किलो उतरवा. नाहीतर एका किडनीवर एवढा देह ओढताना उद्या तुम्हीच त्या खुर्चीत दिसाल."

ती गोष्ट दिवाळीची. आता चैत्र लागला होता आणि उतरायचं सोडून वजन चढत होतं. इकडे रत्नाबाईच्या हाताची नस दमली होती. सुई गेली की हात काळानिळा पडे. ही नस बंद पडली तर दुसरी जागा सापडणं कठीण, असं डॉक्टरांनी झुंबरला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते रत्नाबाईला ठाऊक नव्हतं, असं त्याला वाटत होतं. परवा सर्जनकडे जायचं होतं.

झुंबरनं काय कमी उपाय केले? भात सोडला. कडुलिंबाचा पाला चघळला. सालवडच्या नाक्यावर देवूच्या वड्याची गाडी लागते, तिथून जाताना नाकाला रुमाल आवळला. पण तेल तापलं की तो वास कारखान्याच्या दारापर्यंत येऊन त्याची गचांडी धरी. काय नसे त्या वासात! सगळं सुख त्यात असे. पहिला वडा तोंडात पडला की ते सुख उंबऱ्यापर्यंत येई आणि तिथंच थबके. मग त्याला आत बोलवायला दुसरा वडा, तिसरा वडा. चौथ्याला तर नुसता कागद चावल्यासारखं लागे. तरी हात थांबत नसे. एकदा खाता खाता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"मिरची लागली काय, काका?" देवूनं विचारलं.

"व्हय," झुंबर म्हणाला, आणि पाचवा उचलला.

आहार सांगणाऱ्या हेतलबेनकडे त्यानं अखेर हात जोडले. "बाई, जीभ छाटायचं औषध असंल तर द्या."

"काका, दोष जिभेचा नाही," हेतलबेन म्हणाली. "वास आला, कढई दिसली की तुमच्या डोक्यात एकदम गलका होतो. पण घास आत गेल्यावर डोक्यानं जी मजा द्यायची, ती कमी पडते. सगळ्यांचं असं नसतं, पण वजन वाढलेल्या पुष्कळ माणसांत हे दिसलंय. मग माणूस ती राहिलेली मजा पुढच्या घासात शोधत राहतो."

"म्हणजे दारात बँड वाजतोय, अन् नवरी काय येईना!"

हेतलबेन हसली. "अगदी तसंच. आणि बँड वाजायला खरा वडाही लागत नाही. खाण्याच्या नुसत्या गप्पा पुरतात."

झुंबरचं तोंड उतरलं. कारण गप्पा हाच तर त्याचा धंदा. रत्नाबाईला पाणी मोजून, मीठ नाही, बटाटा नाही, आंबा नाही. मशीनवरचे ते चार तास कसे काढावेत? तर झुंबरनं खाण्याच्या थापा माराव्यात आणि तिनं डोळे मिटून ऐकाव्यात. नवापूरच्या किनाऱ्यावर त्यानं ताडाएवढा बोंबील तळला होता. गावच्या जत्रेत त्याची पुरणपोळी वाऱ्यानं उडाली आणि तिच्या सावलीत तीन बैल बसले. ऐकता ऐकता तिच्या सुकल्या तोंडावर तुकतुकी येई. आणि ती घरी जाऊन निजली की हा तडक देवूच्या गाडीवर.

हेतलबेनकडून आल्यावर त्यानं खाणं वगळून बॉयलरच्या वाफेची गोष्ट सांगून बघितली. रत्नाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पाणी न्हाई, मीठ न्हाई. आता गोष्टीत बी उपास का?"

त्यावर माणसानं काय करावं? तिला गोष्ट द्यावी तर किडनी जाते, अन् किडनी द्यावी तर गोष्ट जाते. झुंबरनं गोष्ट दिली.

आणि आज ती त्याच्याकडे बघत होती. "सांगा की. वासानं कसं वाढलं म्हणता?"

"अगं, काल कारखान्याची पाळी सुटली," झुंबरनं बैठक मारली, "अन् देवूच्या कढईतनं एका वड्यानं मारली उडी. माझ्या मागं! मी सायकल दामटली. मी वळलो की वडा वळतोय. पार उमरोळीपर्यंत नेला त्याला, तर रेल्वेचं फाटक बंद. मागं बघतो तर गडी धापा टाकतोय. म्हणला, 'झुंबरराव, मी तुमचं काय वाकडं केलं?' मी नाक दाबलं. तर वास कानातनं आत! तोच साठलाय बघ अंगात."

रत्नाबाई हसली. सुयांचा हात हलला.

"मावशी, हात," विनोद म्हणाला.

"गरम होता?" तिनं डोळे मिटून विचारलं.

"वाफा निघत होत्या!" झुंबरच्याच तोंडाला पाणी सुटलं, बँड वाजू लागला, जीभ सैल झाली. "वरनं कुरकुरीत, जाळीदार. अन् आत, रत्ने, आत औंदा देवूनं कैरी किसून घातलीया. पिवळाधमक बटाटा, अन् मधीच ती हिरवी, आंबूस..."

रत्नाबाईनं ओठांवरून जीभ फिरवली. मग ती फिरायची थांबली. तिनं डोळे उघडले.

"खोटं!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की उरलेल्या तिन्ही खुर्च्यांवरची माणसं वळली. "वडा फोडल्याबिगर आतली कैरी कुणी बघितली, हो?"