माझा आवाज गेला तेव्हा

मी बोलतेय, जपानातल्या मात्सुए गावच्या किनुयोबाईंची चहाची किटली. किटली म्हणायचं आपलं! मला ना तोटी, ना ओतायची सोय. पाणी पळीनं घ्यायचं. खांदे बसके, अंग खरबरीत, आणि वय विचाराल तर बाईंच्या पणजीनं मला वापरलंय.

ज्या ओताऱ्यानं मला ओतलं, त्यानं माझ्या पोटात तळाला लोखंडाच्या बारीक चकत्या झाडाच्या चिवट चिकानं पक्क्या चिकटवल्या. पाणी तापलं की त्यांच्याखालून बुडबुडे निसटतात आणि मी गाते. आधी नुसती कुणकुण, मग झाडीतून वारा सुटावा तशी. त्या आवाजावरच चहा करायचा. बाई चहाचा विधी शिकवायच्या. एखादी शिष्या झाकण उचलून डोकावलीच, तर बाई म्हणायच्या, "कान काय घरी ठेवून आलीस? ती सांगतेय ना!"

पुढे बाईंची नजर गेली, शिष्या पांगल्या, आणि डोक्यातलंही एकेक निसटायला लागलं. जेवण झालं की नाही, आठवेना. नवरा कधीच वारलेला, तरी दारात त्याच्या चपला चाचपायच्या. पण मी गायला लागले की हात आपसूक चालायचे. चहा संपेपर्यंत त्या पूर्वीच्या बाई असायच्या. लेकीला नावानं हाक मारायच्या.

ही लेक चिएमी, एकुलती एक. ओसाकाची नोकरी सोडून आईपाशी आलेली. चहातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या हाकेसाठी ती रोज निखारे पेटवायची.

वापरून झालं की मला रिकामं करून निखाऱ्यांवर सुकवायचं असतं. एकदा बाईंनी पाणी तसंच ठेवलं आणि मला गंज चढला. चिएमीनं पाहिलं मात्र, "अगं बाई, हे आईच्या पोटात जायचं!" म्हणत पोरीनं साबण आणि तारेची घासणी घेतली. तळाच्या चकत्या तिला करपलेल्या खपल्या वाटल्या. उलथन्यानं खरवडून काढल्या. मी लोखंडाची जात, ओरडणार कशी? मला पुसून ठेवताना इतकी खूश होती बिचारी!

दुसऱ्या दिवशी बाई माझ्यापुढे बसल्या. पाणी तापलं, वाफ आली. मी मुकी.

"आई, कर ना चहा."

"आच कुठं लागलीय अजून?"

"अगं, वाफ किती आलीय!"

"ही बोलत नाही. ही माझी नव्हे."

हात मांडीवरच राहिले. त्या दिवशी चहा झाला नाही आणि लेकीला हाकही मिळाली नाही.

एका जुन्या शिष्येनं मला आतून चाचपून पाहिलं आणि काय झालं ते सांगितलं. चिएमी धाय मोकलून रडली. मग मला घेऊन एका म्हाताऱ्या ओताऱ्याकडे गेली. त्यानं सवडीनं नव्या चकत्या बसवल्या. तोवर त्या शिष्येकडे बसून चिएमी चहा शिकली. आई विसरली तर आपण सुरुवात करू, आईचे हात मागून येतील, अशी तिची आशा.

मी परत आले ते गातच. चिएमीनं एकही चूक न करता चहा केला आणि वाटी आईपुढे ठेवली. बाई कान देऊन ऐकत होत्या. प्यायल्या, आणि पाहुणीनं वाकावं तशा वाकल्या.

"किटली गोड गाते हो तुमची. कुणाची?"

"माझ्या आईची."

"भाग्यवान बाई! लेकीनं सगळं उचललं. माझीही एक आहे. तिला शिकवायचं राहूनच गेलं."

चिएमीनं वाटी पुन्हा भरून त्यांच्या हातात दिली.

माझं आता काही मागणं उरलेलं नाही. तुम्हाला एवढंच सांगते, म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू घासायला घेण्याआधी त्यांना विचारा. सांगायला ती आहेत तोवर विचारा.

मी रोज गाते, चिएमी रोज चहा करते. वाटी खाली ठेवून बाई उठतात. "निघते मी. घरी लेक वाट बघत असेल." चिएमी "पुन्हा या हं" म्हणत त्यांना दारापर्यंत पोचवते, आणि हात धरून परत आत आणते.