चावडीचा फळा

सकाळी चावडीचा ओटा झाडून झाला की नाथाजी फळा पुसायला घ्यायचा. ओल्या फडक्यानं कालच्या बातम्या गेल्या की आजच्या लिहायला बसायचा. वडूजच्या बाजारातला शेंगांचा भाव, रेशनला साखर आली की नाही, कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या घरी बारसं. पलटणीतून पेन्शनीत आलेला गडी. तिशी उलटल्यावर तिथल्या सुभेदारानं त्याला अक्षरं गिरवायला लावली होती. त्यामुळं लिहायचा सावकाश, पण म्हाताऱ्यालाही लागावं असं ठसठशीत.

काय लिहायचं हे मात्र सरपंच नानासो ठरवत. आणि कुठं लिहायचं हे कुणीच ठरवत नसे, ते ठरलेलंच होतं. गावाची बातमी फळ्यावर. बौद्धवाड्याची बातमी ओट्याच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडच्या दगडावर. ओट्यावर पाय ठेवायची वाड्याला परवानगी नव्हती. फळ्यावरचं कळून घ्यायचं तर रस्त्यात उभं राहून हाक मारायची, "तात्या, आज काय लिवलंय वं?" वर बसलेल्यांपैकी कुणाला दया आली तर तो वाचून दाखवी. बहुतेकदा दया येत नसे.

"तुला काय करायचंय रं भाव ऐकून? पेढी टाकतुयास व्हय?" कुणीतरी म्हणायचं, आणि अख्खा ओटा खिदळायचा.

खालच्या दगडाला म्हशी अंग घाशीत. दुपार कलायच्या आत वाड्यातलं लग्न काय, मयत काय, सगळं शेणात माखून जाई. कुणाला त्याचं काही वाटत नसे. नाथाजीलाही वाटत नव्हतं. रोज घाणीशेजारी बसलेल्या माणसाचं नाक मरतं, तसं त्याचं मेलं होतं.

दिवाळीनंतर नानासोंचा शर्यतीचा बैल मेला, तेव्हा फळाभर रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'गावाचा मानकरी गेला.' वर झेंडूची माळ सोडली होती.

मग पौषात बौद्धवाड्यात तार आली. बनुबाईचा एकुलता अर्जुना बांगलादेशच्या लढाईत पडला होता. नवरा आधीच गेलेला, आता घरात ती एकटी उरली.

नाथाजी तडक नानासोंच्या सोप्यात गेला. नानासो पानाला चुना लावत होते.

"नानासो, अर्जुनाचं फळ्याव लिवतो."

"फळ्याव? का?"

"शिपाई हुता."

"शिपाई झाला म्हणून त्याचा म्हारवडा सुटला का? दगडाव लिव."

"लढाईत गेलंय वं पोरगं."

"मी कुटं म्हंतोय न्हाई गेलं? लिवू नगं म्हनलो का तुला? जागा बघून लिव म्हनलो." नानासोंनी पान गालात सारलं. बोलणं संपलं.

नाथाजीनं खाली बसून दगडावर लिहिलं. हात थोडा थांबला, पण लिहिलं.

दुपारी बनुबाई आली. सुट्टीवर आला की अर्जुना तिला स्वतःचं नाव ओळखायला शिकवी, तेवढीच तिची शाळा. दगडाला म्हैस टेकली होती. तिनं म्हैस हाकलली. 'अर्जु' एवढंच दिसत होतं, पुढं शेणाचा पो. तिनं पदरानं शेण पुसलं, नाव पुरतं उघडं केलं, त्यावरनं बोट फिरवलं. आणि मग तोच पदर फिरवून नावही पुसून टाकलं.

"बनुबाई, आवं का पुसलंसा?" नाथाजी ओट्यावरनं वाकून म्हणाला.

"बैलाचं नाव वर हुतं, तात्या. माळ घातल्याली मी रस्त्यातनं बघितली. माज्या ल्योकाचं म्हशीच्या बुडाखाली नगं. न्हाई लिवलं तर न्हाई."

ती गेली. नाथाजीला शेणाचा वास आला. इतकी वर्षं तिथंच बसून कधी आला नव्हता.

चार दिवसांनी निरोप आला की साताऱ्याहून मोठे साहेब बनुबाईचा सत्कार करायला येणार. नानासोंची जीभ रातोरात मऊ झाली.

"नाथा, अर्जुनाला फळ्याव घे. रंगीत खडूनं. 'गावचा सुपुत्र' म्हन."

"आन फुडं?"

"फुडं काय? साहेब गेलं की पूस."

नाथाजीनं तेही लिहिलं. दिवसभर का होईना, नाव वर राहील, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

ओट्यावर खुर्च्या मांडल्या. साहेब बसले. बनुबाई वाड्यातल्या बायकांसोबत खाली रस्त्यात उभी. नानासो हात जोडून पुढं आले.

"या, या बनुबाई, वर या. आज तुमचाच मान."

ती हलली नाही. "आजच्यापुरतं का कायमचं?"

हलगीवाला वाजवायचा थांबला. नानासोंनी साहेबांकडं बघत हसून घेतलं. "काय तरीच बोलताय मावशी! वटा समद्या गावाचा हाय."

"साहेबांम्होरं बोललासा." बनुबाई मागं वळली. "चला गं, चढा समद्या."

बायका चढल्या. आधी बिचकत, मग धडाधडा. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नानासोंनाही वाजवाव्या लागल्या. बनुबाईनं हार त्यांच्याच हातनं घालून घेतला.

जीपचा धुरळा बसायच्या आत गोमूत्राच्या घागरी आल्या. बायका अजून वेशीपर्यंतही पोचल्या नव्हत्या. मागं वळून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत ओट्यावर खराटे फिरू लागले. एकानं घागर फळ्यावरच उपडी केली. लाल-पिवळे ओघळ भिंतीवरनं उतरले. आणि नानासो, ज्या हातांनी हार घातला ते हात, माती लावून कोपरापर्यंत घाशीत होते. शूर पोराच्या आईला शिवले म्हणून!

"नाथा, ऱ्हायल्यालं पूस."

नाथाजीनं फडकं उचललं नाही. त्यानं फळ्याला खालनं खांदा दिला, खुंट्यांवरनं उचकटला आणि पाठीवर घेतला. गोमूत्र त्याच्या मानेवरनं गळत होतं.

"आरं ए! फळा गावाचा हाय!"

"व्हय, गावाचाच हाय. म्हणून तर खाली न्हेतोय."

एस.टी. थांब्याच्या लिंबाला त्यानं तो टेकवला. गाडीला हात करणारा हरेक माणूस तिथंच उभा राहतो. अर्जुनाचं नाव त्यानं पुन्हा लिहिलं आणि खडू सुतळीनं फळ्यालाच बांधून ठेवला. कुणीही यावं, लिहावं, कुणाला विचारू नये.

सकाळी फळा फोडलेला सापडला. नाथाजीनं फळकुटं गोळा केली आणि ठोकून फळा उभा केला. पुन्हा फुटला. पुन्हा ठोकला. घरात बायको बोलेना, ओट्यावरची माणसं तो येता-जाता थुंकीत. बनुबाई मात्र येऊन फळी धरून बसायची.

एस.टी.ची वाट बघणाऱ्या कुणीतरी एकदा डिवचलं, "नाथा, किती दिस जोडनार हैस गड्या?"

"त्यांचं हात दुकंस्तवर," नाथाजी म्हणाला, आणि ओठात धरलेला खिळा काढून त्यानं फळीवर धरला.