कडुनिंब मागे राहिला

मी एक जुने, चावीचे स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, तुमच्या मोबाईलमध्येही माझा एक भाऊबंद राहतो म्हणे. त्याला म्हातारपण ठाऊक नाही आणि माझ्यावर जो प्रसंग ओढवला, तो त्याच्यावर कधी येणारही नाही. त्या प्रसंगाने मी असे हादरले, की आज ते सगळे सांगतानाही माझा काटा लटपटतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, हे मला सांगता येणार नाही. माझ्या आठवणीत पहिली आहे ती जळगावच्या दुकानातली काचेची पेटी. तिथून मी यावलच्या शाळेत बक्षीस म्हणून आले आणि धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या पितांबर नावाच्या काटकुळ्या मुलाच्या हातात पडले. हात केळीच्या चिकाने काळे झालेले होते, पण मला धरले मात्र तान्ह्या बाळासारखे.

पितांबरच्या घरी केळीची बाग होती. आमच्या भागात बाग किती मोठी, हे एकरात सांगत नाहीत, खोडांत सांगतात. "पाच हजार खोडं लावली" म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. मग पितांबर धावायचे अंतर आणखी कशात मोजणार? विहिरीजवळच्या पहिल्या खोडापासून तो दोनशे खोडे मोजायचा आणि दोनशेव्या खोडाला लाल चिंधी बांधायचा. विहिरीपासून चिंधीपर्यंत जीव तोडून धावायचे, चालत परत यायचे, पुन्हा धावायचे. मी त्याच्या मुठीत टिकटिकत असे. पुढे लग्न होऊन कुंदाबाई घरात आली, तीही न्याहारीची भाकरी घेऊन चिंधीपाशी सावलीत बसायची आणि याच्या धावण्याला हसायची. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग संसार वाढला, धावणे सुटले. मी कपाटाच्या खणात जाऊन पडले. माझ्या अंगावर आधी सुईदोरा आला, मग विजेची बिले आली आणि शेवटी कोणी आठवण काढेनासे झाले. किती वर्षे गेली, ते मी मोजले नाही. चावीच दिली नाही, तर मी मोजणार कसे?

एके दिवशी खण उघडला आणि मला पहिला धक्का बसला. मला उचलणाऱ्या माणसाचे केस पांढरे होते! हात मात्र मी ओळखले. पितांबरचा आता पितांबर नाना झाला होता. गेली दोन वर्षे तो सकाळच्या मंडळींबरोबर सडकेने सावकाश धावत होता. आता त्याच्या मनाने घेतले होते, की जळगावच्या मॅरेथॉनमध्ये धावायचे आणि नुसते रखडत नाही, चांगल्या वेळेत धावायचे. त्यासाठी पुन्हा वेगाचा सराव हवा. त्याने मला पुसले, चावी दिली आणि मी एका दमात चालू झाले. आनंदाने मला रडूच यायचे बाकी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाने दोनशे खोडे मोजली, कुंदाबाईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली आणि विहिरीपासून धूम ठोकली. चिंधीपाशी पोचून त्याने माझे बटण दाबले, आम्ही दोघांनी काट्याकडे पाहिले आणि दोघेही गार पडलो.

पूर्वीच्या जवळजवळ दीडपट वेळ!

नानाने मला कानाशी धरले, हलवले, पुन्हा धावला. तेच. आठवडाभर तेच. मित्रांनो, मी खोटे बोलत नव्हते हो! पण माझ्या खरेपणानेच माझ्या माणसाचे तोंड उतरत होते आणि मला ते बघवत नव्हते.

मुलगा हितेंद्र घाबरला. "नाना, बस झालं आता. इतका दम लागू राह्यला, छातीले काही झालं तं आम्ही काय करू?" तो म्हणाला. नाना भांडेल असे मला वाटले होते. तो भांडला नाही. "खरं हाये तुझं. मी समजत व्हतो अजून थोडं बाकी हाये. काहीच बाकी नही," एवढेच म्हणाला. त्याचा तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्याने मला गळ्यातून काढले. कडुनिंबाखाली ठिबकच्या जुन्या नळ्यांचा ढीग होता, भंगारवाला तो उचलायला येणार होता. नानाने मला त्या ढिगावर टाकले आणि मागे न बघता विहिरीवर जाऊन बसला. ज्या हातांनी मला बाळासारखे धरले, त्याच हातांनी मला भंगारात टाकले! मला विश्वासच बसेना.

तेवढ्यात कुंदाबाई आली. चिंधी तशीच राहिली तर मजूर ते खोड रोगाचे समजून उपटून टाकतील, म्हणून ती सोडायला निघाली होती. कडुनिंबाखाली ती थबकली. एकदा तिने विहिरीकडे पाहिले, एकदा दूरच्या चिंधीकडे आणि कपाळावर हात मारून ओरडली,

"आहो, इकडे या! मी भाकर घेऊन कुठी बसायची?"

"चिंधीपाशी," नाना तिथूनच ओरडला.

"आन् चिंधी कुठी राहायची? या निंबाच्या सावलीत! तुमी इथी येऊन धापकन बसायचे. आता पाहा, निंब मागं राह्यला आन् चिंधी कुठच्या कुठी गेली!"

नाना उठला, धावतच आला. त्याने वाकून एका खोडापासून दुसऱ्या खोडापर्यंत हाताने माप घेतले. एक, दोन, तीन, चार हात.

"अरे देवा! ही तं टिश्शूची बाग! जुनी बाग तीन हातावर व्हती, ही चार हातावर. मीच लावली आन् मीच इसरलो!"

प्रयोगशाळेत वाढवलेली ही टिश्शूची रोपे जुन्या कंदांपेक्षा लांब लांब लावतात. दर खोडामागे एक हात जास्त. दोनशे खोडांना दोनशे हात! हा भला माणूस आठवडाभर इतके जास्त धावत होता आणि स्वतःला म्हातारा ठरवून मोकळा झाला होता. मी नळ्यांच्या ढिगावर पडल्या पडल्या सुन्न झाले. वेळ मी बरोबर सांगितली, पण कुठून कुठवर, हे मला कुणी सांगितलेच नव्हते.

कुंदाबाईने मला उचलले, पदराने पुसले आणि म्हणाली, "जा विहिरीवर. मी इथी उभी राहते."

तिने हात हलवला, बटण दाबले आणि नाना सुटला. पांढरे केस, गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर, आणि पाय कसे उचलत होता म्हणून सांगू! कडुनिंबाला हात लावून तो ओरडला, "किती झालं?"

माझा काटा तर चालूच होता! कुंदाबाईने बटण दाबलेच नव्हते. ती डोळे पुसत होती.

"मले काय म्हाईत? मी तुमच्याकडे पाहू राह्यली व्हती!"

नाना पोट धरून हसला आणि दम खाऊन पुन्हा विहिरीकडे गेला. या वेळी बटण वेळेवर दाबले गेले. काटा जुन्या जागेच्या थोडा पुढे थांबला होता. वय झालेच होते, पण नानाला वाटत होते तसे अजून थोडे बाकी होते.

आता मी रोज सकाळी नानाच्या गळ्यात असते. तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, त्यांना चावी देत जा. आणि कुणी म्हातारे माणूस "माझे संपले" म्हणू लागले, तर त्याला भंगारात काढायची घाई करू नका. आधी उठून बघा, त्याचा कडुनिंब किती मागे राहिला आहे ते.