कल्लूरची राणी

सोमवारी श्रावणीला वर्गात बोलायचं होतं, आणि नातीची निम्मी तयारी तर आपल्याकडेच आहे, अशा खात्रीनं गंगाधर मास्तर शुक्रवार पेठेतल्या घरी मोबाइल तांब्याला टेकवून बसले होते.

श्रावणी चार महिन्यांपूर्वी आईबाबांबरोबर इंग्लंडातल्या सेल्बीला राहायला गेली. नव्या शाळेत तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं. आता प्रत्येकानं आपल्या गावाच्या नावाचा अर्थ सांगायचा होता. तिनं दोन गावं निवडली होती, राहतं आणि आजोबांचं.

"सेल्बीतलं बी म्हणजे गाव," ती पडद्यावरून सांगू लागली. "हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून नॉर्स बोलणारे लोक होड्यांतून आले आणि शेती करून इथंच राहिले. त्यांच्या भाषेत हे विलोच्या झाडांचं गाव."

"विलो म्हणजे आपलं वाळुंज. शाब्बास. आता माझं कल्लूर. तिथं कल्याणी राणीनं विहीर खणली, म्हणून कल्लूर."

"कशावरून?"

पस्तीस वर्षं हा प्रश्न मास्तरांनीच मुलांना विचारला होता.

"माझे वडील सांगायचे."

"बाई ऐकणार नाहीत, आजोबा. मग सगळे हसतील."

शेजारच्या कमलम्मा भाकरी द्यायला दारात आल्या होत्या. त्यांचं माहेर मैंदर्गी, घरातली बोली कन्नड.

"मास्तर, राणी कुटनं आणली? कल्लु म्हंजे दगड, ऊर म्हंजे गाव. दगडाचं गाव की. आमच्याकडं शेंबडं पोरगं बी सांगंल."

मास्तरांचे कान तापले. कल्लूरचा माळ डोळ्यांपुढे आला. जिकडे पाहावं तिकडे काळा दगड. वीस वर्षं भिंतीपलीकडची कन्नड त्यांच्या कानांवर पडत होती. पण गावाच्या नावामागे राणी नाहीतर ऋषी शोधायचा, ही वडिलांची शिकवण. शेजारणीला विचारावं, हे कधी सुचलंच नव्हतं.

"मग मी काय सांगू?" श्रावणीचा आवाज बारीक झाला.

"दगड सांग. कशावरून विचारलं तर कमलम्मांचं नाव घे. आणि राणी आजोबांनी चुकून बसवली होती, हेही सांग."

"तुमची चूक? सगळ्यांसमोर?"

"माझी आहे ना? मग तू कशाला लाजतेस?"

सोमवारी रात्री फोन आला. कमलम्मा मुद्दाम येऊन बसल्या होत्या.

"आजोबा, मी दहा मिनिटं बोलले. राणी खोटी निघाली तेव्हा हसले सगळे, पण मीही हसले. मग एक मुलगा म्हणाला, माझ्या आजोबांनाही विचारून बघतो. बाईंनी नकाशात कल्लूरशेजारचं मैंदर्गी पाहिलं. त्याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलंय."

मास्तरांनी कमलम्मांकडे पाहिलं.

"मला ठावं न्हाय बा," त्या म्हणाल्या. "आमी नुसतं राहिलो तितं."

"मलाही माहीत नाही," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. "रविवारी दोघं एसटीनं जातो आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारतो. तोवर बाईंना असंच सांग."