मरणारा पाला गोड

"रान माझं, झुडपं माझी, औषध माझं! मध्ये बोलणारी तू कोण गं?" थोरलीनं पदर खोचून बांधावरूनच तोंड सोडलं.

समोर धाकटी जाऊ उभी. वाटणीत कुरण थोरलीकडं गेलं, धाकटीला खडकाळ तुकडा आणि सहा शेळ्या. नवरा गेल्यापासून ती त्या शेळ्यांवर जगत होती आणि शेळ्या कुरणातल्या काटेरी झुडपांवर. थोरलीची गाय त्या कडू पाल्याला कधी तोंड लावत नसे. पण झुडपं पसरत चालली होती, गवताला जागा उरली नव्हती, म्हणून थोरलीनं झुडपं मारायचं औषध आणवलं होतं.

"गवत तुमच्या गायीला ठेवा ना, ताई. मी झुडपांचंच मागतेय. माझ्या शेळ्यांनी खायचं काय?"

"दगड खा म्हणावं! तू नाही का लोकांची डोकी खात?"

पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला दोन म्हशींच्या झुंजीत सापडलेल्या खुंटासारखा उभा होता.

"बघतोस काय मेल्या? मार!"

दुपारपर्यंत त्यानं सगळी झुडपं भिजवली. जाताना पिशवीतून तांबड्या चिंध्या काढल्या. "आजी, या चारी बाजूंना बांधतो. महिनाभर जनावर आत घालू नका. मरायला लागलं की झुडपाचा पाला गोड लागतो. एरवी न खाणारं जनावरही खातं आणि मरतं."

थोरलीनं चिंध्या हातातनं काढून घेतल्या. "मी बांधते. तू नीघ."

चिंध्या चुलीत गेल्या. धाकटीच्या शेळ्या चोरून कुरणात शिरतातच, शिरू देत. दोन आडव्या झाल्या की त्या बाईची जीभ आपोआप आखडेल. थोरलीनं घरातही कुणाला सांगितलं नाही. सुनेला तर नाहीच, तिचं आणि धाकटीचं गूळपीठ होतं.

पण धाकटीनं त्याच दिवशी शेळ्या खुंट्याला बांधल्या. जन्म शेळ्यांमागं गेलेल्या बाईला औषधाचा वास कळणार नाही होय? थोरली रोज सकाळी मान उंच करून शेळ्या मोजायची. सहाच्या सहा. नुसत्या ओरडत होत्या.

सहाव्या दिवशी ती लेकीकडं गेली. दोन दिवसांनी परतली तेव्हा गोठ्यात गाय पाय ताणून पडलेली. पोट नगाऱ्यासारखं, रवंथ बंद. अकरा दिवसांचं वासरू तिला ढुशा देत होतं.

"कुरणात सोडलीस?"

"फवारलेल्या रानाला चिंध्या बांधतात ना, आई. त्या दिसल्या नाहीत. वाटलं, धोका नसेल." सून रडत होती. "आणि गाय कुठं ती झुडपं खाते? पण या वेळी खाल्ली. आवडीनं खाल्ली. तुम्ही सांगून गेला असतात तर..."

"थोबाड बंद कर!"

संध्याकाळी गाय गेली. वासरू रात्रभर हंबरलं. पाण्यात कालवलेलं पीठ दिलं, तर त्यानं तोंड फिरवलं.

सकाळी थोरली तांब्या घेऊन धाकटीच्या दारात गेली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"वासराला दूध हवंय. फुकट नको. वैरण देईन."

धाकटी बसल्या जागेवरून हलली नाही. "गाय दोन दिवस पाला ओरबाडत होती, ताई. मी इथनंच बघत होते."

"बघत होतीस? आणि बोलली नाहीस?"

"रान तुमचं, झुडपं तुमची, औषध तुमचं. मध्ये बोलणारी मी कोण?"

पण सुंभ जळला तरी पीळ जातो का? थोरलीनं तांब्या पुढं केला. "दूध तेवढं दे."

धाकटी उठली. तांब्या घेऊन पहिल्या शेळीखाली बसली आणि आचळ पिळलं. काही पडलं नाही. दुसरी. तिसरी. घाई न करता, एकेक करत तिनं सहाही पिळून दाखवल्या. शेळ्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आल्या होत्या.

मग तिनं तांब्या पालथा करून थोरलीच्या हातात दिला.

"दगड खाऊन दूध येत नाही, ताई."